सायकलवर स्टेन्सिलने काढलेली अक्षरं जुनाट, झिजलेली दिसायला हवीत – मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

एक जुनी २८ इंची सायकल नव्याने बांधतोय. रॉड ब्रेक तेच ठेवलेत, हँडल बदललंय, रंग पार पत्र्यापर्यंत घासून रेड ऑक्साइड (लालसर प्रायमर) मारून झालंय. आता त्यावर गडद हिरवा ऑईल पेंट आणि चेनकव्हर नि मागच्या मडगार्डवर पिवळट पांढऱ्या रंगात नंबर आणि दोन शब्द, पूर्वी तासावर भाड्याने सायकली मिळायच्या त्यांच्यावर असायचे ना तसे. अक्षरं वापरून वापरून झिजल्यासारखी वाटली पाहिजेत, उगाच पॉलिश पेपर फिरवून ओरखडे काढलेत असं बघताक्षणी कळलं की सगळ्या सायकलचीच शोभा जाते, म्हणून आधीच विचारतोय.

स्टेन्सिल रेडियमवाल्याकडून व्हिनाइलमध्ये कापून घेणार आहे. 'व', 'ब' यांच्या पोटातले तुकडे ट्रान्सफर टेपने जागच्या जागी बसतात हे माहितीये, पण मला मुद्दाम मधे जोडपट्टी ठेवून कापायचंय, कारण पत्र्याच्या स्टेन्सिलचं अक्षर तसंच तुटक दिसतं आणि मला तेच फार आवडतं. अडचण अशी की मडगार्डला गोलाई आहे, तिथे व्हिनाइलच्या कडेखालून रंग आत पसरला तर काय करायचं? झीज दाखवायला पेपर मारायचा की तपकिरी रंग पुसायचा, आणि हे क्लिअरच्या (वरच्या पारदर्शक थराच्या) आधी की नंतर? गाड्या रंगवणारा एकजण म्हणतो वरून एनसी (नायट्रोसेल्युलोज) क्लिअर मार, पण ऑईल पेंटवर ते चालेल का?

जाणकारांनी प्लीज सांगा, घाई नाहीये.

प्रतिसाद १:
दादा, ऑईल पेंटवर एनसी अजिबात मारू नका, त्याचं थिनर खालचा रंग उचलतं आणि सुरकुत्या पडतात. बहुतेक तुमचं रेड ऑक्साइडही ऑईलचंच असणार, तर शेवटपर्यंत ऑईलमध्येच राहा, वरून ऑईलचंच मॅट व्हार्निश. ते काळाने पिवळं पडतं, तुमच्या कामाला उलट बरंच.

हिरवा रंग नख रुतणार नाही इतका कडक होऊ द्या, नाहीतर व्हिनाइल काढताना तोही सोबत येईल. कडांसाठी युक्ती अशी की व्हिनाइल चिकटवल्यावर आधी तोच हिरवा एक पातळ हात मारा, जे काही आत जायचं ते हिरव्यावर हिरवंच जातं आणि कड बंद होते, तो वाळला की मग पांढरा, तोही पातळ पातळ. पांढरा जरा चिकट असतानाच व्हिनाइल मागे दुमडून सावकाश ओढा.

झीज पूर्ण वाळल्यावर, १००० नंबरचा पेपर पाण्यात भिजवून. आणि जिथे खरंच घासतं तिथेच, म्हणजे चेनकव्हरवर पँट लागते तो भाग, मडगार्डची खालची कड. पांढरा गेला की हिरवा दिसतो, हिरवा गेला की रेड ऑक्साइड, आणि ते लांबून थेट गंजासारखं दिसतं, वेगळा गंज रंगवायची गरजच नाही. मग बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) ऑईल कलर टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून कोपऱ्यांत लावायचा आणि लगेच फडक्याने पुसायचा. व्हार्निश सगळ्यात शेवटी.

धागाकर्ता:
खूप आभार! हो, रेड ऑक्साइड ऑईलचंच आहे. व्हार्निश ब्रशने मारलं तर चालेल का, की स्प्रे गन आणू?

प्रतिसाद १:
स्प्रेच करा, ब्रशने मारलं तर पुसलेला तपकिरी रंग परत ओढला जाईल. आणि अंबर नीट सुकल्याशिवाय हात लावू नका.