नागपूर, वरचा मजला, स्लॅब तापतो: घरातला पहिला एसी घ्यायचाय, सगळा मिळून खर्च किती धरावा?

रेवती_एम

नमस्कार मंडळी. नागपुरात मानेवाड्याला तिमजली इमारतीत सगळ्यात वरच्या मजल्यावर आईबाबा राहतात. डोक्यावर थेट गच्ची. त्यांची खोली १२ बाय १२, एक भिंत पश्चिमेची आणि तिलाच मोठी खिडकी. आजवर मोठ्या कूलरवर उन्हाळे निघाले. पण मागच्या वर्षी बाबांची बायपास झाली, आणि आता दोघांनाही कूलरमध्ये पाणी भरणं झेपत नाही. मे महिन्यात मध्यरात्रीपर्यंत त्यांना झोप लागत नाही.

दुकानदार दीड टन पाच स्टारचे ४४ हजार सांगतोय, 'इन्स्टॉलेशन फ्री' म्हणतोय. शेजारच्या काकूंना मात्र वरून बरेच पैसे मोजावे लागले. घर २००४ सालचं आहे, वायरिंग तेव्हाचंच. बिलावर मंजूर भार २ किलोवॅट दिसतो. एक टन पुरेल का? बजेट सगळं धरून ५५ हजार. कृपया अनुभव सांगा.

तारजोड

रेवतीताई, मी घरांच्या वायरिंगची कामं करतो. एसीचं मॉडेल नंतर बघा, आधी एखाद्या वायरमनला घरी बोलवा.

दीड टनाचा एसी पूर्ण ताकदीवर साधारण दीड-पावणेदोन किलोवॅट ओढतो. २००४ च्या घरात खोलीतल्या पॉवर पॉइंटला बहुतेक वेळा अडीच एमएमची वायर असते, आणि ती गीझर किंवा दुसऱ्या खोलीच्या लाइनला जोडलेली असते. त्यावर एसी लावू नका. डीबीपासून (घरातल्या एमसीबींच्या पेटीपासून) एसीपर्यंत ४ एमएमची तांब्याची स्वतंत्र लाइन ओढा, तिला २० अँपियरची सी कर्व्ह एमसीबी. कॉम्प्रेसर सुरू होताना करंट उसळतो, तेव्हा बी कर्व्हवाली एमसीबी विनाकारण पडू शकते. आरसीसीबी (करंट गळला की शॉक लागू नये म्हणून वीज तोडणारा स्विच) नसेल तर याच वेळी बसवून घ्या. केसिंग-पट्टीतून लाइन घेतली तर भिंत फोडावी लागत नाही. मालमजुरीसकट चार ते सहा हजार धरा.

लोक दोन गोष्टी विसरतात. पहिली, मीटरपासून डीबीपर्यंतची वायर. तीच बारीक किंवा ॲल्युमिनियमची असेल तर आत कितीही चांगली लाइन ओढून उपयोग नाही. दुसरी, अर्थिंग. जुन्या इमारतींत कित्येकदा अर्थिंगचा खड्डा कोरडा पडलेला असतो. वायरमनला फेज आणि अर्थमधला व्होल्टेज मोजायला सांगा, तुमच्यासमोर.

मंजूर भार वाढवायला महावितरणकडे ऑनलाइन अर्ज करता येतो. फ्रिज, मोटर, मिक्सर यांच्यासोबत एसी चालणार, तेव्हा २ किलोवॅट कमीच पडतो. मार्चच्या आत करून टाका.

धंतोलीकर

एक टन घेऊ नका. १४४ चौरस फुटांना एरवी एक टन पुरतो, पण वर तापलेली गच्ची आणि बाजूला पश्चिमेची भिंत असली की हिशेब बदलतो. शिवाय एसीची क्षमता मोजतात ती बाहेर ३५ अंश असताना. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या घरात असतो, आणि बाहेरचं तापमान वाढलं की तोच एसी कमी थंडावा देतो नि जास्त वीज घेतो. दुकानात माहितीपत्रक मागा. त्यात किती अंशांपर्यंत चालतो हे दिलेलं असतं, ५० च्या पुढचा आकडा असलेलं मॉडेल घ्या. कंडेन्सर (बाहेरच्या युनिटमधली उष्णता बाहेर टाकणारी जाळी) तांब्याचा हवा.

कंपनीचं नाव मी सांगणार नाही. तुमच्या भागात कुणाचा माणूस दोन दिवसांत येतो ते आजूबाजूच्या चार घरांत विचारा. बाबांची तब्येत पाहता भर मेमध्ये आठवडाभर बंद पडलेला एसी तुम्हाला परवडणार नाही.

मृद्गंध

मला वेगळं म्हणायचंय. आधी गच्चीवर खर्च करा.

स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता खाली सोडतो. आईबाबांना रात्री झोप लागत नाही ती त्यामुळेच, आणि तुमचा एसीही रात्रभर त्या स्लॅबशीच भांडत बसणार. खोलीच्या वरचा भाग आणि चारी बाजूंनी थोडा जास्त असा पांढरा उष्णतारोधक रंग दोन हात मारून घ्या. तेवढ्या भागाला साधारण चार-पाच हजारांत काम होतं. तेवढं नको असेल तर चुन्यात फेव्हिकॉल मिसळून लावा, ते फार स्वस्त पडतं, मात्र पावसाळ्यात धुऊन जातं आणि दरवर्षी लावावं लागतं. गच्ची सामाईक असेल तर आधी सगळ्यांशी बोलून घ्या, कुणी नाही म्हणणार नाही.

पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून हिरवी नेट किंवा वाळ्याचा पडदा बांधा. ऊन काचेच्या बाहेरच अडलं पाहिजे. एकदा काचेतून आत आलं की पडदाच तापतो.

आमच्या अकोल्याच्या घरी हे दोन्ही केलं, आणि संध्याकाळी छताला हात लावला तरी फरक कळतो. एसी त्यानंतर घेतला.

हिशेबनीस

पाच स्टार की तीन, यावर थोडं गणित. लेबलवर वर्षाचे युनिट लिहिलेले असतात, ते १६०० तास चालवलं असं धरून. दीड टनात तीन आणि पाच स्टारमध्ये तो फरक साधारण २०० ते २५० युनिटचा दिसतो. तुम्ही एप्रिल ते जून रोज आठ तास चालवलात तर सातशेच्या आसपास तास होतात. म्हणजे वाचतात शंभरेक युनिट.

पण त्या शंभर युनिटचा दर कोणता? महावितरणचे घरगुती दराचे टप्पे महिन्याला १००, ३०० आणि ५०० युनिटांवर बदलतात. फ्रिज-पंखे-दिव्यांचा वापर खालच्या टप्प्यात बसतो आणि एसीचे युनिट त्याच्या वर चढतात, म्हणून ते महागातल्या दराने लागतात. एकट्या त्या खोलीचे महिन्याला २०० युनिट वाढतील असं धरून चाला. बिल काढताना सरासरी दर लावू नका.

किमतीत सात-आठ हजारांचा फरक असेल तर तो वसूल व्हायला चार-पाच वर्षं लागतील. रोज रात्रभर चालणार असेल तर मी पाच स्टारच म्हणेन. बजेट ताणलं जात असेल तर तीन स्टार इन्व्हर्टर एसी (गरजेप्रमाणे कॉम्प्रेसरचा वेग कमी-जास्त करणारा) घ्या आणि वाचलेले पैसे मृद्गंध म्हणतात तसे गच्चीवर घाला. लेबलवरचं वर्षही बघा. निकष मधूनमधून कडक होतात, त्यामुळे जुन्या लेबलचे पाच स्टार आणि नव्या लेबलचे पाच स्टार एक नसतात.

आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून एसीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. दुकानदाराकडून तो बिलात लिहून घ्या.

गोंदियाचा_पोरगा

कूलर विकू नका जी! एप्रिलच्या कोरड्या हवेत दिवसा कूलरच बेस्ट. फक्त दोन्ही एकत्र लावू नका, कूलरचा ओलावा काढण्यातच एसीची ताकद जाते.

रेवती_एम

सगळ्यांचे मनापासून आभार. गच्चीचं माझ्या डोक्यातच नव्हतं, ते पहिलं करते. वायरमनही उद्या येतोय.

अजून दोन शंका. खिडकीबाहेर छज्जा नाही, त्यामुळे बाहेरचं युनिट गच्चीवर ठेवायचं म्हणतात. उन्हात चालेल का? आणि दुकानदार म्हणतो स्टॅबिलायझर लागत नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी दिवे मंद होतात.

तारजोड

दिवे मंद होतात म्हणजे व्होल्टेज पडतोय. 'स्टॅबिलायझर नको' याला अर्थ आहे, पण एका मर्यादेतच. मॉडेलनुसार तो पट्टा वेगळा असतो, माहितीपत्रकात बघा. वायरमन येतोय तर त्याला रात्री आठ-नऊला व्होल्टेज मोजायला सांगा, दुपारी मोजून कळणार नाही. पट्ट्याच्या खाली जात असेल तर ४ केव्हीएचा स्टॅबिलायझर घ्या, अडीच-तीन हजारांना येतो. एसीची पीसीबी (आतली इलेक्ट्रॉनिक पट्टी) जळाली तर त्याहून कितीतरी जास्त जातात.

धंतोलीकर

गच्चीवर चालेल, पण पाण्याच्या टाकीच्या उत्तरेला, सावलीत. वर पत्रा टाकलात तर चारी बाजू मोकळ्या ठेवा. कोंडलेल्या गरम हवेत युनिट उन्हापेक्षा जास्त त्रास काढतं. भिंतीला लटकवण्याऐवजी जमिनीवरचा लोखंडी स्टँड घ्या, खाली रबर पॅड. वयस्कर घरात दुरुस्तीला माणूस तिसऱ्या मजल्याच्या भिंतीबाहेर लोंबकळवण्यापेक्षा गच्चीच बरी, हे माझं ठाम मत आहे.

'फ्री इन्स्टॉलेशन'मध्ये सहसा फक्त बसवण्याची मजुरी असते. स्टँड, जास्तीचा पाइप, वायर, भिंतीला भोक, ड्रेनचा पाइप हे सगळं वेगळं. खोक्यात बहुतेकदा ३ मीटर तांब्याचा पाइप येतो, काहींत येतच नाही. तुम्हाला गच्चीपर्यंत पाचेक मीटर लागेल. जास्तीच्या पाइपाला दर मीटरमागे इन्सुलेशनसकट ८०० ते हजार रुपये धरा. स्टँड हजारभर. दर आधी लिहून घ्या.

बसवायच्या दिवशी कुणीतरी घरी थांबा आणि एकच गोष्ट डोळ्यांनी बघा: पाइप जोडल्यावर व्हॅक्यूम पंप लावून निदान पंधरा-वीस मिनिटं चालवतात का. घाईत काही जण आतला गॅसच थोडा सोडून हवा बाहेर काढतात. नव्या एसींत बहुतेक आर-३२ गॅस असतो, तो पेट घेऊ शकतो, तेव्हा खोलीत गॅस सोडू देऊच नका. शिवाय पाइपात ओलावा राहिला तर तो कॉम्प्रेसर खातो. पंप आणला नसेल तर परत पाठवा, दुसऱ्या दिवशी येऊ दे.

मृद्गंध

ड्रेनचा पाइप शेवटपर्यंत उतारावर हवा, मध्ये कुठे वर गेला की पाणी खोलीत गळतं. बसवून झालं की आतल्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून बघा. त्याचं तोंड खालच्यांच्या बाल्कनीवर नको, न्हाणीच्या नळीत सोडा.

आतलं युनिट बाबांच्या पलंगासमोर नको, झोत अंगावर येईल. पलंगाच्या बाजूच्या भिंतीवर, झोत पायांच्या पलीकडे जाईल असं लावा. २५-२६ वर ठेवून पंखा एकवर, एवढ्यात दोघांना छान झोप लागेल.