शेफर्डचे केस मशीनने उतरवू नका

उकाडा सोसत नाही म्हणून गोव्यातल्या म्हापशातल्या जर्मन शेफर्ड कुत्र्याचे केस सफाचट करावेत का, असं एकाने विचारलंय. करू नका. ह्या जातीला दुहेरी केस असतात: वर राठ, खाली दाट मऊ लव. वरचे केस ऊन अडवतात, आणि एकदा उतरवले की कधीकधी ठिगळं ठिगळं उगवतात. आतली लव काढणारी फणी आठवड्यातून दोन-तीनदा फिरवा, केस गळायच्या दिवसांत रोज.

खरी कटकट जून ते सप्टेंबर. भिजलेला कुत्रा वरून सुकलेला वाटतो, पण बोटांनी केस विलगून बघा, कातडी ओलीच असते. तिथेच 24 तासांत लाल, चिकट, दुखरा चट्टा उठतो; बहुधा शेपटीच्या मुळाशी नाहीतर कानाखाली. टॉवेलने मुळापर्यंत पुसा, मग पंख्याखाली बसवा.

गोचीड कानाच्या घडीत आणि बोटांच्या बेचक्यात शोधा. ताप, खाणं बंद, हिरड्या फिकट, असं दिसलं तर तो गोचिडीमुळे येणारा ताप असू शकतो, त्याच दिवशी रक्त तपासून घ्या.

पिल्लाचं खाणं बरोबर असेल तर वर कॅल्शियम देऊ नका. जास्तीचं कॅल्शियम हाडांची वाढ बिघडवतं. रोज नुसती शीतकडी, म्हणजे भात-कालवणही पुरत नाही.