‘बँगल’ म्हणजे नेमकी कोणती बांगडी?

प्रश्न (मालवण)
आईचे दागिने आम्हा तिघी बहिणींमध्ये वाटून घ्यायचे आहेत. धाकटीच्या मुली इंग्लंडमध्ये वाढल्या, त्यांनाही कळावे म्हणून यादी इंग्रजीत करण्याचे काम माझ्याकडे आले. पाटल्या, बिलवर, गोठ आणि तोडे या चारही नावांपुढे मी ‘बँगल’ एवढेच लिहिले, तेव्हा भाचीने विचारले की यांतले ‘ब्रेसलेट’ कोणते. आमच्याकडे काचेची ती काकणे, आणि सोन्याच्या दागिन्याला ज्याच्या त्याच्या नावानेच ओळखतात. या दोन इंग्रजी शब्दांत फरक कसा करावा?

प्रतिसाद (रत्नागिरी)
कडक, आकार न सोडणारे वळे म्हणजे बँगल, आणि साखळीसारखे लवचीक, मनगटाभोवती गुंडाळून कडीने अडकवायचे ते ब्रेसलेट, असा सर्वसाधारण व्यवहार आहे. पाटलीला फिरकी असली तरी ती कडकच राहते, म्हणून ती बँगलच. मात्र चारही दागिन्यांना एकच शब्द लावल्यास यादीचा उपयोग उरणार नाही. मराठी नाव तसेच ठेवून पुढे ‘रुंद, चपटी’ किंवा ‘जाड, भरीव’ असे वर्णन इंग्रजीत द्यावे, असे मी आग्रहाने सांगेन.

प्रतिसाद (वेंगुर्ले)
‘ब्रेसलेट’ हा शब्द लॅटिनमधील बाहूवाचक शब्दावरून फ्रेंचमार्गे इंग्रजीत आला. ‘बँगल’ मात्र आपल्याकडूनच तिकडे गेला आहे. १८८६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या अँग्लो-इंडियन शब्दकोशात त्याचे मूळ हिंदी ‘बंगड़ी’ असे दिले असून, मूळ शब्द स्त्रियांच्या मनगटातील रंगीत काचेच्या वळ्याचा होता, पण इंग्रज लोक तो पायातल्या वळ्यालाही लावीत, अशी नोंद आहे. म्हणजे आपले काकण हाच त्या शब्दाचा पहिला अर्थ, याचे मला फार अप्रूप वाटते. तोडे हातातही असतात आणि पायातही, तेव्हा आपल्या यादीत ते कोठले हे अवश्य लिहावे. पायातले असल्यास आज ‘अँक्लेट’ म्हणतात.

प्रतिसाद (अलिबाग)
वाटणीच असल्याने मापही लिहावे. दुकानात २.४, २.६, २.८ असे म्हणतात, पण तो दशांश नव्हे. टिंबानंतरचा आकडा इंचाचे सोळावे भाग दाखवतो. त्यामुळे २.४ म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, आणि २.८ म्हणजे अडीच. परदेशातल्या मुली २.८ हे जवळजवळ तीन इंच समजतील, म्हणून मिलिमीटरच द्यावेत.

प्रश्नकर्ती (मालवण)
आपणा सर्वांचे मनःपूर्वक आभार. तोडे हातातलेच आहेत. पाटल्या आज मोजल्या. आतला व्यास ५७ मिलिमीटर भरला, म्हणजे सव्वादोन. त्या कोणाच्या हाती बसतील, हे आता भाच्यांकडून माप मागवून ठरवते.