पहिलं स्कीइंग आणि लग्नाचा पहिला वाढदिवस: कुठे जावं?

ऋतुजा, बी-८०४
सगळ्यांना नमस्कार. १८ फेब्रुवारीला आमच्या लग्नाला वर्ष होतंय. अमेयला आणि मला स्कीइंग शिकायचंय, पण दोघांनीही आजवर बर्फात पाय ठेवलेला नाही. आठवडाभर रजा मिळेल. सोलंग, औली, गुलमर्ग, की सरळ परदेशात? नुसत्या क्लाससाठी जायचं नाहीये, दोघांना निवांत वेळही हवाय. कुणी गेलं असेल तर सांगा ना.

वसंतकाका, ए-२०१
मनाली. सोलंग तिथून तेरा-चौदा किलोमीटर. मी तरुणपणी मनालीच्या पर्वतारोहण संस्थेत कोर्स केला होता. आता तिला अटलबिहारी वाजपेयींचं नाव आहे. शिकवणारे अतिशय शिस्तीचे.

मीनल, बी-३०२
औलीहून नंदादेवी दिसते!! आमचे फोटो पाठवते तुला.

तेजस, ए-११०४
थोडे पैसे वाढवून स्वित्झर्लंडच करा. पहिला वाढदिवस एकदाच येतो.

शिल्पा, ए-६०३
ऋतुजा, मी जरा सविस्तर लिहिते, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे. आम्ही दोघं चाळिशीनंतर स्कीइंग शिकलो आणि आता दर हिवाळ्यात जातो.

डोंगर किती उंच, जागा किती नावाजलेली, हे तुम्ही बघूच नका. नवशिक्यांनी तीन गोष्टी बघायच्या. सौम्य उताराचं रुंद मैदान आहे का, हॉटेलातून तिथे चालत जाता येतं का, आणि संध्याकाळी परत गाडीत न बसता दोघांना फिरता येतं का. तिसरी गोष्ट सगळे विसरतात. पहिल्या दिवशी मांड्या आणि पोटऱ्या इतक्या भरून येतात की त्यानंतर तासभर घाटात गाडीत बसायचं म्हटलं तर बोलायचीसुद्धा इच्छा राहत नाही.

म्हणून सोलंगला माझं मत नाही. वसंतकाका म्हणतात ते शिक्षण उत्तमच, पण तो निवासी कोर्स, आणि ह्यांना वाढदिवस साजरा करायचाय. हॉटेलं बहुतेक मनालीत. २०२० साली अटल बोगदा सुरू झाल्यापासून बोगद्यापलीकडच्या सिस्सू गावाकडे जाणाऱ्या गाड्याही त्याच रस्त्यावर असतात. बर्फ पडला की सकाळीच रांग लागते.

औली सुंदरच आहे. पण डेहराडूनहून पायथ्याच्या जोशीमठपर्यंत अख्खा दिवस रस्त्यात जातो, परतताना तेवढाच. म्हणजे तुमच्या रजेतले दोन दिवस तिथेच गेले. शिवाय २०२३ च्या जानेवारीत जोशीमठला जमीन खचली तेव्हा तिथला मोठा रोपवे बंद केला. पंधरा दिवस हातात असते तर तिथल्या सरकारी गढवाल मंडळ विकास निगमाचा स्कीइंग कोर्स करा म्हटलं असतं.

माझं मत गुलमर्गला. मुंबईहून श्रीनगरला थेट विमान आहे, पुढे साधारण पन्नास किलोमीटर. तंगमर्गपासूनचा शेवटचा चढ बर्फात चाकांना साखळ्या लावलेल्या किंवा फोर बाय फोर गाडीनेच करायचा. एकदा वर पोचलात की सगळं तिथेच.

ऋतुजा, बी-८०४
ताई, पण गुलमर्ग फक्त एक्स्पर्ट लोकांसाठी आहे असं अमेयने कुठेतरी वाचलंय.

शिल्पा, ए-६०३
ते गुलमर्गच्या वरच्या अफरवट शिखराबद्दल. तिथल्या गोंडोलाचे, म्हणजे केबल कारचे, दोन टप्पे आहेत. फेज वन गुलमर्गहून कोंगडोरीला, फेज टू तिथून अफरवटला, जवळजवळ चार हजार मीटरवर. तिथली ताजी बर्फाची पावडर शोधत जगभरातून लोक येतात आणि हिमस्खलनही तिथेच होतात. २०२३ आणि २०२४, दोन्ही वर्षी फेब्रुवारीत परदेशी स्कीअर दगावले त्यात. तुम्ही वर जा, फोटो काढा, गोंडोलानेच खाली या. स्की घेऊन वर जायचं नाही, कोणी कितीही म्हणालं तरी.

तुमची जागा खाली, गोंडोलाच्या पायथ्याजवळचे छोटे उतार. वेग इतका कमी की पडलात तरी हसत उठाल. हॉटेल गोंडोलाजवळचंच घ्या, बाजाराकडचं नको. जड बूट घालून, खांद्यावर स्की घेऊन बर्फातून चालणं हाच एक व्यायाम आहे, त्यात दम घालवू नका. आणि गुलमर्गमध्ये हॉटेलं मोजकीच, फेब्रुवारीच्या खोल्या लवकर भरतात. तेव्हा हॉटेल आधी, विमान नंतर.

सुनंदाकाकू, बी-१०१
ऋतुजा, पहलगामला जे झालं त्यानंतर मला काश्मीर म्हटलं की पोटात गोळा येतो गं. आईला विचारलंस का?

शिल्पा, ए-६०३
काकू, तुमची काळजी रास्त आहे. एप्रिल २०२५ च्या त्या हल्ल्यानंतर तिथली बरीच पर्यटनस्थळं बंद केली होती, मग टप्प्याटप्प्याने उघडली. ऋतुजा, निघायच्या आठवड्यात सरकारी सूचना बघ, आणि पैसे परत न मिळणारं बुकिंग करू नकोस. घरचे मनापासून तयार नसतील तर दुसरा पर्याय आहेच, खाली लिहिते.

तेजस, ए-११०४
स्वित्झर्लंडचं काय?

शिल्पा, ए-६०३
तेजस, शिकायला उत्तमच जागा. उतारांना रंग असतात, निळा सगळ्यात सोपा, मग लाल, मग काळा. फ्रान्समध्ये तर निळ्याच्याही आधी हिरवा. पण फेब्रुवारीच्या मधल्या आठवड्यांत युरोपातल्या शाळांना सुट्ट्या असतात. दर चढलेले, शिकवणारे आधीच बुक, वर व्हिसाची अपॉइंटमेंट. एवढा खर्च करायचा तर थोडं स्की करता यायला लागल्यावर करावा, मग त्या लांबलचक उतारांचा खरा आनंद मिळतो.

काश्मीर नको असेल तर मी अल्माटी सुचवेन. कझाकस्तानात भारतीयांना १४ दिवस व्हिसा लागत नाही. मुक्काम शहरात, शिंबुलाक हे स्कीइंगचं ठिकाण तिथून साधारण २५ किलोमीटर, आणि मेदेऊच्या स्केटिंग रिंकपासून गोंडोलाने वर जाता येतं. संध्याकाळी शहरात छान कॅफे. हॉटेलातून चालत जाण्याची माझी अट इथे पुरी होत नाही, पण रस्ता बरा आहे. जॉर्जियात जायचं तर गुडौरीपेक्षा बकुरियानी बघा, जंगलातलं गाव आहे आणि उतार मवाळ आहेत.

डॉ. अनघा, ए-४०४
ऋतुजा, हाडांची डॉक्टर म्हणून दोन शब्द. स्कीइंगमध्ये सगळ्यात जास्त ताण गुडघ्यावर येतो, विशेषतः पडताना पाय पिळला तर. आत्तापासून लिफ्ट सोडा. आठ मजले रोज चढा आणि उतरताना हळू उतरा, मांडीचा पुढचा स्नायू उतरतानाच तयार होतो. भिंतीला पाठ टेकवून खुर्चीसारखं बसणं, तेही दोघांनी. हेल्मेटशिवाय उतारावर जायचं नाही. आणि प्रवास विम्यात स्कीइंग धरलेलं आहे का, ते वाचून घ्या, बऱ्याच पॉलिसींत नसतं. आपण समुद्रसपाटीवरची माणसं, गुलमर्ग २६०० मीटरच्या वर. पहिल्या दिवशी नुसतं फिरा, पाणी भरपूर प्या.

ऋतुजा, बी-८०४
हो वहिनी, आजपासूनच. शिल्पाताई, शिकवायला कोण? अमेय म्हणतो व्हिडिओ बघून मी शिकतो आणि तुला शिकवतो.

शिल्पा, ए-६०३
अमेय, तू वाचत असशील तर कळकळीने सांगते, हे करू नकोस. नवरा-बायकोने उतारावर एकमेकांना शिकवू नये. एक घाबरलेला असतो, दुसरा घाई करतो, आणि संध्याकाळपर्यंत अबोला. दोघांनी मिळून एकच नोंदणीकृत प्रशिक्षक घ्या. गुलमर्गमध्ये भारतीय स्कीइंग आणि पर्वतारोहण संस्था आहे, तिथे किंवा पर्यटन खात्याकडे नोंदणी असलेला माणूस विचारून घ्या. गोंडोलाच्या दारात अनेकजण मागे लागतात, त्यांच्याशी घासाघीस करत बसू नका. शिकणं फक्त सकाळी. जेवणानंतर पाय थकलेले असतात आणि थकल्यावर दुखापत पटकन होते. दुपार-संध्याकाळ तुमची.

बूट भाड्याने घेताना मात्र वेळ लागू दे. पायात एकच पातळ लोकरी मोजा, दोन नाहीत, सुती तर नाहीच. थर्मलची कड बुटाच्या आत जाता कामा नये, तिथे नडगीला वळ उठतो. बकलं लावून गुडघे पुढे वाकव. बोटं पुढून किंचित मागे सरकली पाहिजेत आणि टाच तसूभरही उचलली जाता कामा नये. टाच उचलली तर नंबर मोठा, दुसरा माग. दुकानदार म्हणेल ‘मॅडम, चलेगा’. नाही चालत. बाइंडिंग, म्हणजे बूट स्कीला अडकवणारी पकड, वजनाप्रमाणे लावतात, म्हणून वजन खरं सांगायचं, तरच पडल्यावर स्की वेळेवर सुटते.

वसंतकाका, ए-२०१
पडल्यावर उठायचं कसं तेही सांग त्यांना. आमच्या उस्तादांनी पहिला तास तेवढंच करून घेतलं होतं.

शिल्पा, ए-६०३
बरोबर, काका. दोन्ही स्की उताराला आडव्या, अंगाच्या खालच्या बाजूला आणायच्या आणि मगच उठायचं. स्कीची टोकं खाली उताराकडे राहिली तर उठता उठता घसरायला होतं.

मीनल, बी-३०२
ताई, बर्फ नसला तर? २०२४ च्या जानेवारीत गुलमर्गची उघडी जमीन बातम्यांत बघितली होती.

शिल्पा, ए-६०३
खरंय. २०२५ लाही बर्फाअभावी खेलो इंडियाच्या तिथल्या हिवाळी स्पर्धा फेब्रुवारीतून मार्चमध्ये ढकलाव्या लागल्या. हमी कुणीच देऊ शकत नाही. पण जानेवारीच्या सुरुवातीपेक्षा १८ फेब्रुवारीच्या आसपासचा काळ बरा. शेवटची रात्र श्रीनगरला ठेवा, बर्फाने रस्ता किंवा विमान अडलं तर धावपळ नको. आणि ती रात्र वाया जात नाही. पहाटे जुन्या शहरात हरिसा (मटणाचा पदार्थ) खायला जा, हिवाळ्यातच मिळतो. संध्याकाळी दलच्या काठी काहवा. माझ्या मते वाढदिवस तिथेच साजरा करा, गुलमर्गला तुम्ही दमलेले असाल.

अजून एक, सिम पोस्टपेड हवं, बाहेरचं प्रीपेड तिथे चालत नाही. गोंडोलाची तिकिटं ऑनलाइन, तारीख उघडली की लगेच घ्या.

सुनंदाकाकू, बी-१०१
शिल्पा, तू एवढं सांगितलंस, जरा धीर आला. ऋतुजा, रोज रात्री आईला फोन कर मात्र.

ऋतुजा, बी-८०४
नक्की, काकू. ताई, अमेयने वाचलं सगळं, प्रशिक्षकच घेऊ म्हणाला. घरी आज रात्री बोलतो. आई हो म्हणाल्या तर उद्या गोंडोलाजवळच्या हॉटेलांना फोन करते, नाहीतर अल्माटी.

शिल्पा, ए-६०३
छान. आमच्याकडे दोन वॉटरप्रूफ पँट आणि गॉगल आहेत, विकत घेऊ नका. शनिवारी संध्याकाळी दोघं या, घालून बघा.