जास्वंदीवरचा मिलीबग (पांढरा पिठ्या ढेकूण): भुंगेरे सोडायचे की औषध मारायचं?

मिरजकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, ‘चार कुंड्यांसाठी मित्रकीटक म्हणजे पैसेवाल्यांचं फॅड. इमिडाक्लोप्रिड कीटकनाशक मारा, मोकळे व्हा.’ राहवलं नाही म्हणून लिहितोय. किडी खाणारा क्रिप्टोलीमस भुंगेरा, म्हणजे असाच एक मित्रकीटक, 1898 साली ऑस्ट्रेलियातून कॉफीवरच्या किडीसाठी भारतात आणला. आज तासगावच्या द्राक्षबागांत मिलीबगवर तोच सोडतात. हे फॅड? इमिडा झाडात भिनतं, फुलाच्या मधात उतरतं. जास्वंदीवर मधमाश्या येतात, शिंजीर येतो, त्यांचं काय?

कराडचा नर्सरीवाला: पोस्ट माझीच आहे. द्राक्षबाग एकरात असते, तुमची गच्ची नव्हे. खाणं संपलं की भुंगेरा उडून जाणार. पांढरं पडलेलं झाड घेऊन गिऱ्हाईक दारात उभं राहतं, त्याला ‘थोडे आठवडे थांबा’ म्हणू?

मिरजकर: मिलीबग घरात येतो कुठून? मी नर्सरीतून आणलेल्या गुलाबाच्या मुळाशीच होता. ते आधी बघा.

वाळव्याचा ऊसकरी: उसावरची कीड, लोकरी मावा, विसरलात काय? 2002 ला आपल्याच सांगली जिल्ह्यात दिसला. उंच उसात पंप घेऊन शिरायचं कसं? डिफा आणि मायक्रोमस या मावा खाणाऱ्या मित्रकीटकांच्या अळ्यांनी आटोक्यात आणला. वडील अळ्यांची पानं कापून दुसऱ्या फडात नेऊन बांधायचे.

कराडचा नर्सरीवाला: आमच्या भावकीनं औषध मारूनच ऊस वाचवला.

वाळव्याचा ऊसकरी: आमच्या चुलत्यांनीही मारलं. डिफा मेला, मावा परत आला. डोळ्यांनी बघितलंय.

कराडचा नर्सरीवाला: विषय जास्वंदीचा आहे, चुलत्यांचा नाही!

वाळव्याचा ऊसकरी: भावकी तुम्हीच काढली. घरच्यांवर जाऊ नका.

साताऱ्याची ताई: भांडताय कशाला? मुंग्यांचं कुणीच बोलत नाही. मिलीबगच्या गोड चिकट्यासाठी मुंग्या भुंगेऱ्यांनाच हुसकावतात. मी कुंड्या पाण्याच्या ताटल्यांत विटेवर ठेवल्या आणि भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटल्या, तेव्हा कुठं भुंगेरे टिकले. दुसरं म्हणजे त्यांची अळीही पांढरी, मेणचट, अगदी मिलीबगसारखी. सासूबाईंनी ब्रशनं सगळ्या झाडून टाकल्या होत्या. मिलीबग या अळीएवढा मोठा नसतो आणि इतका भरभर पळत नाही, एवढं बघून मगच हात लावा.

कराडचा नर्सरीवाला: अळीचं खरं आहे ताई. माझ्याकडेही लोक तीच दाखवून औषध मागतात. बंद पॉलिहाऊसमध्ये मित्रकीटक मान्य, गच्चीवर अजून पटत नाही. चार कुंड्यांना साबणाचं पाणी आणि कात्री पुरते.

मिरजकर: म्हणजे इमिडाही लागत नाही. मग पोस्ट काढा.

कराडचा नर्सरीवाला: काढणार नाही. खाली मुंग्यांचं आणि साबणाचं लिहितो.