धर्मगुरूंमध्ये संवाद होतो, तरी पाश्चात्त्य देश आणि मुस्लिम समाज यांच्यातला अविश्वास का उरतो?

जिज्ञासू

सप्टेंबर २००६ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी जर्मनीतील रेगेन्सबर्ग विद्यापीठातील व्याख्यानात एका बायझंटाइन सम्राटाचे इस्लामविषयीचे कठोर उद्गार उद्धृत केले आणि अनेक देशांत संतापाची लाट उसळली. त्यानंतर जे घडले ते मला अधिक महत्त्वाचे वाटते. आधी ३८ आणि वर्षभराने १३८ मुस्लिम विद्वानांनी खुले पत्र लिहिले. ईश्वरावर प्रेम करा आणि शेजाऱ्यावर प्रेम करा, या आज्ञा दोन्ही धर्मांना समान आहेत, हा दुसऱ्या पत्राचा गाभा होता. पुढे ४ फेब्रुवारी २०१९ रोजी अबुधाबी येथे पोप फ्रान्सिस आणि कैरोतील अल अझहर या इस्लामी विद्यापीठाचे प्रमुख इमाम अहमद अल तय्यिब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. त्याला सहा आठवडे होण्याच्या आत न्यूझीलंडमधील क्राइस्टचर्च येथे मशिदींवरील हल्ल्यात ५१ जणांचा बळी गेला, आणि पुढच्याच महिन्यात ईस्टरच्या दिवशी श्रीलंकेतील चर्च आणि हॉटेले बॉम्बस्फोटांनी हादरली. या संवादातच काही उणे आहे, की तो ज्यांच्यात व्हायला हवा त्यांच्यात होत नाही?

मागोवा

संवाद प्रामाणिक आहे, याविषयी मला शंका नाही. परंतु ज्यांच्या कृतीतून अविश्वास निर्माण झाला, ते त्या बैठकीला नसतातच. तेल उद्योगाचे राष्ट्रीयीकरण करणारे इराणचे पंतप्रधान मोहम्मद मोसादेग यांचे सरकार १९५३ मध्ये उलथवले गेले, ते अमेरिका आणि ब्रिटन यांच्या गुप्तचर यंत्रणांच्या मदतीने. कोणत्याही चर्चच्या आदेशाने नव्हे. २००३ मध्ये इराकवर आक्रमण करताना सामूहिक संहाराच्या शस्त्रांचे कारण पुढे करण्यात आले आणि ती शस्त्रे सापडली नाहीत. त्या युद्धाला पोप जॉन पॉल दुसरे यांनी उघड विरोध केला होता, हे आज कितीजणांना आठवते? बगदादमध्ये ज्याचे घर उद्ध्वस्त झाले, त्याच्या दृष्टीने विमान पाश्चात्त्यांचे, आणि पाश्चात्त्य म्हणजे ख्रिस्ती. हे समीकरण चुकीचे आहे, पण ते कशातून तयार झाले हे समजून घेतल्याखेरीज कितीही पत्रे लिहिली तरी ते पुसले जाणार नाही.

आठवणीसुद्धा सोयीने अर्ध्याच सांगितल्या जातात. जुलै १९९५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी सुरक्षित म्हणून जाहीर केलेल्या बोस्नियातील स्रेब्रेनिकात, डच सैनिक तैनात असताना, ८,००० हून अधिक बोस्नियाक मुस्लिमांची कत्तल झाली. मुस्लिमांचे रक्त युरोपला स्वस्त वाटते, असे म्हणणारे हे उदाहरण हमखास देतात. मात्र त्यानंतर नाटोने बोस्नियन सर्बांच्या फौजांवर हवाई हल्ले केले आणि १९९९ मध्ये मुस्लिमबहुल कोसोव्होसाठी पुन्हा हस्तक्षेप केला, हा भाग ते वगळतात. उलट पाश्चात्त्य लेखक या हस्तक्षेपाचा उल्लेख आवर्जून करतात आणि स्रेब्रेनिकाविषयी दोन ओळींत आटोपते घेतात.

रोखठोक

वरील प्रतिसादातील तथ्ये मला मान्य आहेत, परंतु सगळा भार राजकारणावर टाकणे ही पळवाट वाटते. पाकिस्तानात आसिया बीबी या ख्रिस्ती शेतमजूर स्त्रीला धर्मनिंदेच्या आरोपावरून २०१० मध्ये मृत्युदंड सुनावण्यात आला. तिची बाजू घेणारे पंजाबचे राज्यपाल सलमान तासीर, जे स्वतः मुस्लिम होते, त्यांची ४ जानेवारी २०११ रोजी त्यांच्याच अंगरक्षकाने हत्या केली, आणि न्यायालयात आणलेल्या त्या मारेकऱ्यावर काही वकिलांनी गुलाबपाकळ्या उधळल्या. तिथे ना परकीय विमान होते ना तेलाचे राजकारण. फ्रान्सने २००४ मध्ये सरकारी शाळांत ठळक धार्मिक चिन्हांवर बंदी घातली, तो कायदा मलाही अन्यायकारक वाटतो. परंतु तिथे श्रद्धेचे स्वातंत्र्य मागणाऱ्याने आसिया बीबीसाठीही तितक्याच ठामपणे बोलले पाहिजे. ऑक्टोबर २०१८ मध्ये तिला निर्दोष ठरवणारे न्यायाधीश आणि जिवाचा धोका पत्करून तिचा खटला लढवणारे वकील मुस्लिमच होते, हे मात्र पाश्चात्त्य वाचकांपर्यंत फारसे पोहोचले नाही, याचे मला दुःख आहे.

जिज्ञासू

दोघांचेही आभार. परंतु ज्यांनी ना ती पत्रे वाचली ना हे खटले, अशा सामान्य माणसाच्या मनातला संशय कशाने कमी होतो?

पारदर्शी

याबाबत स्वित्झर्लंडमधील जनमताचा निकाल बारकाईने पाहण्यासारखा आहे. २९ नोव्हेंबर २००९ रोजी तेथील ५७.५ टक्के मतदारांनी नवे मिनार बांधण्यास बंदी घालण्याच्या बाजूने कौल दिला, तेव्हा संपूर्ण देशात मिनार होते अवघे चार. बंदी नाकारणाऱ्या मोजक्या कँटनांमध्ये, म्हणजे तिथल्या घटक राज्यांमध्ये, जिनिव्हा आणि बाझेल शहर होते, जिथे परदेशातून आलेल्यांची वस्ती मोठी आहे. उलट अपेन्झेल इनररोडेनसारख्या लहान ग्रामीण कँटनमध्ये बंदीला सुमारे ७१ टक्के मते पडली. ज्यांचा मुस्लिमांशी रोजचा संबंध जवळजवळ नाही, त्यांची भीती पोस्टरांवरच पोसली गेली, असा माझा निष्कर्ष आहे.

तरीही केवळ शेजारामुळे सारे सुटेल असे मी म्हणणार नाही, कारण बोस्नियात पिढ्यान्‌पिढ्यांचा शेजार होता. शेजाराला कायद्याचे आणि निःपक्षपाती पोलिसांचे पाठबळ लागते. ९ जानेवारी २०१५ रोजी पॅरिसमध्ये ज्यूंच्या खाद्यपदार्थांच्या दुकानावर दहशतवादी हल्ला झाला, तेव्हा तिथे काम करणाऱ्या लासाना बातिली या मालीत जन्मलेल्या मुस्लिम तरुणाने ग्राहकांना तळघरातील शीतगृहात लपवले आणि स्वतः मालवाहू लिफ्टमधून बाहेर पडला. पोलिसांनी त्यालाच हल्लेखोरांचा साथीदार समजून बेड्या घातल्या आणि सुमारे दीड तास तसेच ठेवले. गैरसमज दूर झाल्यावर त्यानेच त्यांना दुकानाची आतील रचना समजावून सांगितली. फ्रान्सने त्याच महिन्यात त्याला समारंभपूर्वक नागरिकत्व दिले, हे योग्यच झाले. मला मात्र पोलिसांच्या प्रशिक्षणात त्या बेड्यांची चर्चा व्हायला हवी असे वाटते, कारण असा अनुभव पदक न मिळालेल्या कितीतरी तरुणांच्या वाट्याला येतो आणि त्यांच्यासाठी पोपचे वा इमामांचे पत्र फार दूरचे असते. यापुढच्या संवादांना पोलीस अधिकारी, शाळांचे मुख्याध्यापक आणि नगरपालिकांचे सदस्य यांना बोलवावे, असे मी आग्रहाने सुचवीन.