जोक आधी कळला, मूळ पिक्चर नंतर! तुमचे सिम्पसन्सचे अनुभव सांगा

अबोली
काल रात्री पहिल्यांदा 'द शायनिंग' बघितला. नवरा म्हणाला घाबरशील, लाइट चालू ठेवूया का. आणि तो कुऱ्हाडीनं दार फोडून तोंड आत घालतो ना, तिथे मी इतकी हसत सुटले की त्याने पिक्चर पॉज केला. कारण मला हे सगळं आधीच माहिती होतं! लिफ्टमधून वाहणारं रक्त, ते रिकामं हॉटेल, शेवटी बर्फात गोठलेला माणूस... नाशिकला आठवीत असताना स्टार वर्ल्डवर सिम्पसन्स या अमेरिकन कार्टून मालिकेत, या पिक्चरची टिंगल करताना पाहिलेलं. तो १९९४ चा हॅलोवीन एपिसोड, ज्यात त्या मालिकेतला बाप होमर टीव्ही नाही बिअर नाही म्हणून वेडा होतो.

तेव्हा मी आणि दादा आवाज बारीक करून बघायचो, आजी आतल्या खोलीत झोपलेली असायची. मध्येच असं काहीतरी व्हायचं की कळायचं, इथे काहीतरी आहे, आपल्याला कळत नाहीये. दादा भूगोलाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवायचा, 'कुऱ्हाड दार?', 'बर्फातलं अस्वल?', 'घरी टेपवर कोण ओरडतं?' इंटरनेट कुठलं, विचारायचं कोणाला. काल रात्री साडेबाराला दादाला फोन केला, म्हटलं कुऱ्हाड सुटली. तो अर्धवट झोपेत म्हणाला, अस्वल मला कॉलेजात सुटलं, 'सिटिझन केन' बघताना, तिथे त्याच्या जागी घसरगाडी आहे. होमरचा म्हातारा मालक मिस्टर बर्न्स, त्याचं ते लहानपणीचं अस्वल! आणि मला इतकी वर्षं सांगितलंच नव्हतं त्याने.

वही आईने केव्हाच रद्दीत घातली. पण तुमच्याही अशा वह्या असतीलच ना? सांगा.

दोन_कप_चहा
बॉब!!! सिम्पसन्समधला व्हिलन साइडशो बॉब आणि बागेतली दाताळी. १९९३ चा 'केप फिअर' या पिक्चरवरचा एपिसोड. तो नऊ वेळा पाय देतो, नऊ वेळा दांडा तोंडावर. मूळ पिक्चरमध्ये मी वाट बघत बसलो की आता येईल आता येईल, तिथे दाताळं नाहीच. नंतर वाचलं की एपिसोड वेळेत कमी पडत होता म्हणून तोच झटका परत परत लावला. आणि अजून एक, मी 'फ्रेझर' ही मालिका खूप नंतर बघितली, पहिल्याच वाक्याला म्हटलं अरे हा तर बॉब बोलतोय. दोघांचा आवाज एकाच नटाचा, केल्सी ग्रॅमरचा. आणि सिम्पसन्समध्ये बॉबचा भाऊ सेसिल आणला तेव्हा त्याला आवाज कोणाचा, तर 'फ्रेझर'मध्ये त्याचा भाऊ झालेल्या डेव्हिड हाइड पिअर्सचा. १९९७. हे कळल्यावर तो एपिसोड परत लावून बघितला आणि दुप्पट मजा आली

पातेरा
दाताळं हा शब्द किती वर्षांनी वाचला!! आमच्याकडे बागेत पातेरा ओढायला असायचं, बाबा कायम ओरडायचे दात खाली करून ठेवा म्हणून. आता कळलं का ते. (सिम्पसन्स बघितलेलं नाही, सॉरी, पण वाचतेय)

दोन_कप_चहा
पातेरा, तुमचे बाबा त्या एपिसोडच्या लेखकांच्या आधी तिथे पोचलेले 😄

शून्यशेष
मी क्लासमध्ये गणित शिकवतो. १९९५ च्या हॅलोवीन एपिसोडमध्ये होमर थ्रीडी जगात पडतो तिथे हवेत एक समीकरण तरंगतं, १७८२ चा बारावा घात अधिक १८४१ चा बारावा घात बरोबर १९२२ चा बारावा घात. मी कॉलेजात असताना पॉज करून सायंटिफिक कॅल्क्युलेटरवर घातलं आणि बरोबर आलं! रात्रभर झोप नाही, फर्माचं प्रमेय (दोनपेक्षा मोठ्या घातांची अशी बेरीज पूर्ण संख्यांत कधीच जमत नाही) खोटं पडलं म्हणून. सकाळी डोक्यात आलं, अरे सम अधिक विषम म्हणजे विषमच, आणि १९२२ तर सम. म्हणजे चूक, पण कॅल्क्युलेटरला तेवढे अंक दाखवताच येत नाहीत. डेव्हिड कोहेन या लेखकाने असे जवळजवळ बरोबर आकडे शोधायला मुद्दाम प्रोग्रॅम लिहिलेला. १९९८ मध्ये होमरच्या फळ्यावर दुसरं दिलं, ३९८७ आणि ४३६५ बरोबर ४४७२, सगळे बाराव्या घातात. यावेळी सम-विषमने पकडता येत नाही. पण पहिल्या दोघांना ३ ने भाग जातो, तिसऱ्याला जात नाही, अंकांची बेरीज करून बघा. दरवर्षी नववीच्या पोरांना हे देतो. ज्याला सापडतं त्याचा चेहरा बघण्यासारखा असतो.

निम्मी
सर तुमच्यासारखे सर आम्हाला का नव्हते

अबोली
शून्यशेष, आत्ता पोळ्या सोडून बेरीज केली. २७, १८, १७. जमलं!!

परतीचं_तिकीट
माझा अनुभव थोडा वेगळा आहे. २००५ ला ओहायोत आलो, ऑफिसात एकजण रोज लिफ्टमधून उतरताना 'थँक यू, कम अगेन' म्हणायचा, सिम्पसन्समधल्या भारतीय दुकानदार अपूच्या आवाजात. त्याचं मन वाईट नव्हतं, लंचला बरोबर बसायचा, पण रोज? मला अपू आवडायचा हो, खरंच, सगळ्या गावात तो एकटा माणूस अठरा तास उभा राहून काम करतो. पण माझ्या तोंडून बाहेर पडणारं प्रत्येक वाक्य लोक त्याच्या आवाजात ऐकतात हे हळूहळू लक्षात आलं आणि मी मीटिंगमध्ये गप्प बसायला लागलो. २०१७ ला हरी कोंडाबोलू या भारतीय वंशाच्या कॉमेडियनची त्यावर डॉक्युमेंटरी आली तेव्हा वाटलं हे फक्त मलाच होत नव्हतं. २०२० मध्ये हँक अझारियाने तो आवाज देणं सोडलं.

पण एक गोष्ट त्याच अपूने मला दिली. कुठेतरी वाचलं की हे नाव सत्यजित राय यांच्या अपूवरून ठेवलंय. तिशी उलटलेली माझी, राय यांचा एकही पिक्चर बघितला नव्हता. युनिव्हर्सिटीच्या लायब्ररीतून 'पथेर पांचाली' आणला. दुर्गा जाते आणि नंतर वडील परत येतात, तिच्यासाठी साडी घेऊन, ते अजून तिला हाक मारतायत... मी बर्फात गाडी काढून उगाच एक तास फिरून आलो. अबोली, तुमच्या दादाच्या वहीत माझं हे एक लिहा.

अबोली
परतीचं_तिकीट, लिहिलं. 🙏

निम्मी
हे वाचून डोळ्यात पाणी आलं बसमध्ये

इनबिटवीन
मी अ‍ॅनिमेशनमध्ये आहे, बारा वर्षं झाली, म्हणून पडद्यामागचं सांगते. सिम्पसन्सची स्टोरीबोर्ड वगैरे लॉस एंजेलिसला होते आणि मधली चित्रं, ज्याने हालचाल होते, ती दक्षिण कोरियात, एकॉम वगैरे स्टुडिओत. सुरुवातीला म्हणजे १९८९ ला पहिला तयार होऊन आलेला एपिसोड इतका बिघडलेला होता की सत्तर टक्के परत करावा लागला. म्हणून ख्रिसमसचा एपिसोड पुढे ओढून १७ डिसेंबरला तो पहिला दाखवला आणि बिघडलेला दुरुस्त होऊन सीझनच्या शेवटी गेला, मे १९९० ला. मी कामाला लागले त्या वर्षी माझे चाळीस शॉट एका रात्रीत परत आलेले, कारण कोणी सांगितलं नाही, फक्त लाल क्रॉस. बाथरूममध्ये जाऊन रडले. तेव्हा सीनियर मॅडमनी ही गोष्ट सांगितली, म्हणाल्या त्यांचा अख्खा एपिसोड परत गेला होता, ऊठ. त्या कोरियातल्या लोकांबद्दल मला फार वाटतं, नावं शेवटी सर्रकन जातात आणि चॅनेलवाले तेवढ्यात जाहिरात लावायचे.

घड्याळजी
आमचा केबलवाला तर क्रिकेट असलं की स्टार वर्ल्डच बंद करायचा, त्याच्या जागी गणपतीच्या मिरवणुकीची टेप

निम्मी
कुठले तुम्ही? आमच्याकडेपण सेम

घड्याळजी
कराड

निम्मी
अय्या मी मलकापूर!! कोणती शाळा

सरमिसळ
होमर वैतागला की म्हणतो तो 'डोह' स्क्रिप्टमध्ये लिहिलेलाच नसतो माहितीय का, फक्त 'वैतागून हुंकार' असं असतं. होमरला आवाज देणाऱ्या डॅन कॅस्टेलनेटाने तो लॉरेल-हार्डीच्या पिक्चरमधल्या जेम्स फिनलेसनवरून उचलला आणि आखूड केला. २००१ ला ऑक्सफर्डच्या डिक्शनरीत गेला. मराठी स्क्रिप्ट असती तर तिथे डायरेक्ट 'च्यायला'

फळा_पुसणारी
शिक्षिका आहे म्हणून मिसेस क्रबॅपल, होमरचा मुलगा बार्टची बाई. तिला आवाज देणाऱ्या मार्शा वॉलेस २०१३ ला गेल्या आणि त्यांनी दुसरा आवाज न लावता ते पात्रच थांबवलं. बार्टच्या फळ्यावर त्या आठवड्यात एकच ओळ होती, तुमची खूप आठवण येईल मिसेस के. एरवी तो शंभर वेळा लिहितो, तेव्हा एकदाच. मी वर्गात निघायच्या आधी फळा पुसताना अजून आठवतं मला.

शून्यशेष
ताई, हे माहिती नव्हतं. वाईट वाटलं.

तुळशीमाळ
आमचं घर माळकरी. जर्मनीत शिकायला आले तेव्हा हॉस्टेलच्या प्रत्येक पार्टीत नुसतं ब्रेड आणि सॅलड, आणि वर सगळे विचारणार थोडं खाल्लं तर काय होतं. तेव्हा रूममेटने मला होमरची मुलगी लिसाचा १९९५ चा शाकाहाराचा एपिसोड दाखवला. ती बापाच्या पार्टीतलं भाजलेलं डुक्कर ढकलून देते आणि नंतर तिला स्वतःलाच वाईट वाटतं, आणि अपू म्हणतो मी चीजपण खात नाही, तरी दुसऱ्याला टोकत नाही. मला तेच हवं होतं कोणीतरी म्हणायला. त्यात बीटल्सचा पॉल मॅकार्टनी आणि त्याची बायको लिंडा स्वतः आहेत, पॉलची अट होती की लिसा पुढे कायम शाकाहारी राहिली पाहिजे, आणि ती राहिली! अजून गंमत, शेवटी त्याचं जे गाणं वाजतं ते उलटं लावलं की तो मसुराच्या सूपची रेसिपी सांगतोय. आम्ही खरंच उलटं लावून ऐकलं, आणि मी दुसऱ्या दिवशी अख्ख्या मजल्याला मसूरची आमटी घातली

पातेरा
मसूर आख्खा की डाळ? आणि गोडा मसाला की कांदा-लसूण?

तुळशीमाळ
माळकरी म्हटलं ना ताई, कांदा-लसूण कुठून 😊 आख्खा मसूर, गोडा मसाला, दोन आमसुलं आणि गूळ जरा जास्तच

पातेरा
करते आज. आणि तो लिसाचा एपिसोड कुठे दिसेल तेवढं सांगा, जेवताना लावते.